दाढ दुखत नाही, एवढा पुरावा पुरत नाही

‘सायनस हा नाकाचा आजार आहे, दाढ दुखत नसेल तर दंतवैद्याकडे जाऊ नका, नाकात लसूण ठेवा’ असा संदेश सध्या फिरतो आहे. तो वाचून माझ्या मावशीने दंतवैद्याकडची ठरलेली वेळ रद्द केली. चार महिने तिच्या एकट्या डाव्या नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येतो आहे आणि त्याच बाजूच्या वरच्या दाढेचे रूट कॅनाल झालेले आहे.

दाढ दुखत नाही, हा या संदेशाचा मुख्य आधार आणि तोच सर्वांत घातक. वरच्या दाढांची मुळे आणि सायनसची, म्हणजे गालाच्या हाडातली हवेची पोकळी यांच्यामध्ये हाडाचा पातळ पापुद्रा असतो. काहींच्या बाबतीत तोही नसतो, नुसते अस्तर असते. कीड आत पोहोचून दाढेची नस मेली की ठणका थांबतो, जंतू मात्र मुळाच्या टोकाशी वाढत राहतात, आणि तिथला पू वर सायनसमध्ये झिरपत असल्यामुळे ना दाब साठतो, ना गाल सुजतो.

‘रूट कॅनाल झालेल्या दाढेत संसर्ग होत नाही’ हेही धादांत खोटे आहे. वरच्या पहिल्या दाढेच्या मुळांमध्ये नसेच्या नलिका असतात, त्यात पुष्कळदा चौथी, अतिशय अरुंद नलिका असते. ती साफ करायची राहिली तर जंतू तिथेच ठाण मांडतात. साध्या एक्स-रेमध्ये हे अनेकदा निसटते, सीबीसीटी स्कॅनमध्ये, म्हणजे दात-जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेमध्ये, मुळाच्या टोकाशी झिजलेले हाड आणि नेमके त्याच्यावर सुजलेले अस्तर दिसू शकते. अमेरिकन असोसिएशन ऑफ एंडोडॉन्टिस्ट्स या रूट कॅनाल तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये दातामुळे होणाऱ्या सायनसच्या आजारावर स्वतंत्र भूमिकापत्रच काढले असून, दाताचा संसर्ग दूर केल्याशिवाय सायनस बरा होत नाही, हा त्याचा रोख आहे. नुसत्या अँटिबायोटिकने तात्पुरते बरे वाटते. मेलेल्या नसेच्या नलिकेत रक्तपुरवठाच नसतो, मग औषध पोहोचणार कसे? रूट कॅनाल पुन्हा करावे लागते किंवा दाढ काढावी लागते, आणि तरीही निचरा झाला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीने सायनसची वाट मोकळी करतात.

लसणाने नाकाचे अस्तर चरचरते आणि शेंबूड सुटतो. पाकळी बुचासारखी त्याला अडवते आणि ती काढताच तुंबलेले सगळे ओघळते. त्याला सायनसमधला पू समजून लोक व्हिडिओ काढतात!

एवढे मान्य करावे लागेल की बहुतेक वेळा सायनसचा त्रास सर्दीच्या विषाणूंमुळे होतो, आपोआप ओसरतो आणि त्यात वरच्या निरोगी दाढाही ठणकू शकतात. तेव्हा प्रत्येक सर्दीला दाढ उपटून घेण्याचे कारण नाही. मावशीचा त्रास त्यात बसत नाही. तिने पुन्हा वेळ घेतली आहे आणि रूट कॅनालचा जुना एक्स-रे शोधून पर्समध्ये ठेवला आहे.