आबाजी जेवून राह्यले

माघ वद्य सप्तमी, गजानन महाराजांचा प्रकट दिन. त्या दिवशी आमच्या वऱ्हाडातल्या गावात ज्याच्या घरी चूल पेटते, तो एक तर आजारी असतो, नाहीतर भावकीशी भांडलेला. बाकी सगळे देवळापुढच्या पंगतीत. ज्वारीची भाकर, पिठलं, अंबाडीची भाजी, वरण-भात, वर बुंदी.

यंदा मी हुशारी करून पहिल्याच पंगतीत बसलो. जागा मात्र चुकली. शेजारी आबाजी. ऐंशीच्या पुढचं वय, तोंडात तीन दात, त्यातला एकही दुसऱ्याच्या समोर नाही. ते भाकर वरणात कुस्करत, ती मुरेपर्यंत १९७२ च्या दुष्काळात खाल्लेल्या लाल मिलो ज्वारीची गोष्ट सांगत, मग एक घास. पुढच्या घासाला गोष्ट परत पहिल्यापासून.

माझं दहा मिनिटांत आटोपलं. उठायला गुडघा उचलला, तर पलीकडून काकू कडाडली, "बस ना बे! आबाजी जेवून राह्यले, दिसत नाही काय?"

बसलो. पण रिकामी पत्रावळ दिसली की आमच्या वाढप्यांना अपमान झाल्यासारखं होतं.

"घ्या ना भाऊ, अर्धीच हाय."

अर्धी म्हणत दोन भाकरी पडल्या. भाताला मी दोन्ही हात आडवे धरले, तर वरण बोटांच्या फटीतून आलं. टाकावं म्हटलं, तर समोर फोटोतून महाराज बघत होते. २३ फेब्रुवारी १८७८ ला ते शेगावात पहिल्यांदा दिसले तेच उष्ट्या पत्रावळीतली शितं वेचून खाताना. त्यांच्यासमोर भात टाकायची माझी काय बिशाद? खाल्लं. खाल्लं की पत्रावळ रिकामी, आणि रिकामी दिसली की बकेट हजर. असे तीन फेरे झाले. मागं दुसरी पंगत ताटकळत उभी. त्यातलं एक पोरगं माझे घास मोठ्यानं मोजत होतं. त्याला काय सांगणार, की बाबा, मी जेवत नाही, मी थांबलोय!

अखेर आबाजींनी पत्रावळ चाटूनपुसून लख्ख केली, ढेकर दिला आणि माझ्याकडं पाहून म्हणाले, "लय खातं बा पोट्टं!"

पंगत उठली. माझे दोन्ही पाय मेलेले, दोघांनी काखेत धरून उभं केलं. उभा दिसलो तशी कोणीतरी हातात वरणाची बकेट दिली. पहिलाच माणूस पत्रावळीवर हात आडवा धरून "नको, नको" म्हणत होता. मी बोटांची फट शोधली.

"घ्या ना भाऊ, थोडंच हाय."