जखमी जवानांचे खेळ हा उपचारांनंतरचा विरंगुळा नव्हे

पॅरालिम्पिकमध्ये लष्करातल्या एखाद्या जवानाला पदक मिळाले, की कौतुकाच्या पाठोपाठ एक मजकूर मोबाइलवरून फिरू लागतो. ‘जखमी सैनिकाला बरे करतात ते डॉक्टर, खेळ हा नंतरचा विरंगुळा. त्यातही पदके मिळवणारे मुळातच असामान्य असतात, सर्वसाधारण जवानाला त्याचा उपयोग नाही. उलट मोडलेल्या शरीरावर ताण येतो आणि या देखाव्याआड निवृत्तिवेतनाचा प्रश्न झाकला जातो,’ असा त्याचा आशय असतो. पाठवणाऱ्यांच्या मनात सैनिकांविषयी कळकळच असते. परंतु हाच मजकूर जखमी जवानाच्या घरीही पोचतो आणि ‘आता कशाला धडपडतोस, आराम कर’ असे त्याला सांगायला एक आधार मिळतो. म्हणून त्याचे उत्तर द्यायला हवे.

खेळ उपचारांनंतर येतो, हे विधान इतिहासालाच धरून नाही. पॅरालिम्पिकची सुरुवात रुग्णालयात झाली. फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात मणक्याला इजा झालेल्यांसाठी स्वतंत्र विभाग उघडला आणि नाझी जर्मनीतून आश्रयाला आलेले मज्जातंतुतज्ज्ञ लुडविग गटमन यांच्याकडे तो सोपवण्यात आला. पहिल्या महायुद्धात अशा इजा झालेले बहुतेक सैनिक अंथरुणावरच दाबजखमा (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांनी मरण पावले होते. गटमन यांनी रुग्णांची कूस दर दोन तासांनी बदलायला लावली, जखमा स्वच्छ ठेवायला लावल्या आणि त्याच उपचारक्रमात खेळ आणला. २९ जुलै १९४८ रोजी, म्हणजे लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, या रुग्णालयाच्या आवारात १४ पुरुष आणि २ स्त्रिया अशा १६ जखमी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा झाली.

तिरंदाजीच का, हे समजून घेतले तर ‘विरंगुळा’ हा शब्द आपोआप गळून पडतो. पाठीच्या दोन्ही बाजूंना एक रुंद स्नायू असतो, जो दंडाच्या हाडापासून थेट कमरेच्या हाडापर्यंत पसरलेला असतो. मात्र त्याला चालना देणारे मज्जातंतू मानेच्या भागातून निघतात. त्यामुळे छातीच्या किंवा कमरेच्या पातळीवर मज्जारज्जू तुटला तरी हा स्नायू जिवंत राहतो आणि शरीराचा जाणीव असलेला भाग व जाणीव हरपलेला भाग यांच्यामधला पूल ठरतो. धनुष्य ताणताना नेमका हाच स्नायू बळकट होतो आणि धड सावरायला शिकते. धड सावरता आले की माणूस कोणाच्या आधाराविना व्हीलचेअरवर बसू शकतो, पलंगावरून खुर्चीवर जाऊ शकतो आणि हातांवर भार देऊन मधूनमधून शरीर उचलत दाबजखमा टाळू शकतो. याला उपचार म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

आपल्याकडचे उदाहरण तर सांगली जिल्ह्यातलेच आहे. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात असताना मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, कमरेखालचा भाग निकामी झाला, आणि मुंबईच्या नौदल रुग्णालयात, अश्विनीमध्ये, उपचारांचाच भाग म्हणून ते पाण्यात उतरले. पाण्यात शरीराचा भार हलका होतो आणि जमिनीवर न जमणारी हालचाल जमू लागते, हे कारण त्यामागे आहे. १९७२ साली जर्मनीतल्या हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक जिंकले. पण ते पाण्यात उतरले होते ते पदकासाठी नव्हे.

‘असे लोक असामान्यच असतात’ या आक्षेपात पदकापुरते तथ्य आहे. तथापि होकाटो होटोझे सेमा यांचा प्रवास पाहावा. आसाम रेजिमेंटच्या या नागा जवानाने २००२ मध्ये काश्मीरमध्ये सुरुंगाच्या स्फोटात डावा पाय गमावला. त्यांनी गोळाफेक हाती घेतली २०१६ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या प्रोत्साहनाने. आणि २०२४ मध्ये पॅरिसला १४.६५ मीटरच्या फेकीवर कांस्यपदक मिळवले. मला या कथेत पदकापेक्षा मधली १४ वर्षे अधिक बोलकी वाटतात. गुण अंगात होता, पण कोणीतरी तो पाहून सुचवेपर्यंत एवढा काळ गेला. खडकीच्या पॅराप्लेजिक (कमरेखालचा भाग निकामी झालेल्यांच्या) पुनर्वसन केंद्रात व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळणाऱ्या सगळ्यांकडून कोणी पदकाची अपेक्षा ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

शरीरावर ताण येतो, हे खरे आहे. व्हीलचेअर वापरणाऱ्यांचे खांदे दुखतात आणि वरच्या पातळीवर मज्जारज्जूला इजा असेल तर शरीराचे तापमान व रक्तदाब यांवर लक्ष ठेवावेच लागते. म्हणून देखरेखीशिवाय खेळ नको. परंतु खांदे तर रोजच्या चाके ढकलण्यानेही दुखतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत खेळणाऱ्यांपेक्षा न खेळणाऱ्या व्हीलचेअरधारकांमध्ये खांदेदुखी अधिक आढळली होती. ज्यांचे खांदे मुळात चांगले तेच खेळत असतील, अशी शंका त्यावर घेता येते. तरीही खेळामुळेच खांदे जातात, असे म्हणायला ती तुलना आधार देत नाही.

मनाच्या जखमांबाबत मात्र खेळाच्या समर्थकांनीही जपून बोलावे. अमेरिकेत सॅन दिएगोच्या नौदल वैद्यकीय केंद्रात नैराश्य असलेल्या सैनिकांचे दोन गट करून एकाला सर्फिंग आणि दुसऱ्याला डोंगरभटकंती दिली गेली. दोन्ही गटांत नैराश्य घटले. काहीच न दिलेला तिसरा गट त्यात नव्हता, त्यामुळे सुधारणेचे किती श्रेय या उपक्रमांचे, हे त्यावरून ठरत नाही. समुपदेशन आणि औषधे यांना खेळ हा पर्याय नाही. तो त्यांच्या जोडीला हवा.

राहिला निवृत्तिवेतनाचा प्रश्न. ते सैनिकाच्या हक्काचे आहे आणि त्यासाठी आवाज उठवणे योग्यच आहे. पण ‘खेळतो आहे म्हणजे अपंगत्व उरले नाही’ हा निष्कर्ष कोणी काढत असेल, तर तो मुळातच चुकीचा आहे. सेमा ज्या अपंगत्व-गटात खेळतात, त्यात गोळा बसून फेकला जातो. १४.६५ मीटरच्या फेकीने गेलेला पाय परत येत नाही, आणि भरपाईची रक्कम त्या फेकीशी जोडण्याला काहीच अर्थ नाही. पैसा कमी पडतो तो निराळ्या ठिकाणी: पुण्याच्या केंद्रातून सातारा, सांगली किंवा कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावी परतलेल्या जवानाला तालुक्याच्या क्रीडासंकुलात व्हीलचेअर आत नेता येईल असा उतार हवा असतो, शिकवणारा प्रशिक्षक हवा असतो, आणि तिथवर पोचवणारे वाहन हवे असते.