शीआनच्या मशिदीचा दाखला देण्याआधी

चीनमधल्या शीआन शहराची मोठी मशीद पहिल्यांदा पाहणाऱ्या मराठी माणसाला ती बौद्ध विहारच वाटते. वर उचललेल्या कोपऱ्यांची कौलं, लाकडी तोरण, आढ्यावर ड्रॅगन. घुमट नाही, उंच मिनार नाही. तिचा फोटो घरच्या ग्रुपवर गेला की खाली ठरलेली प्रतिक्रिया येते: “बघा, चीनने कसं सरळ केलं! आपल्याकडे हे कधी जमणार?”

या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारलेली आहे. सहाशे वर्षांपूर्वी ह्वेई, म्हणजे चिनी बोलणाऱ्या मुसलमानांच्या वस्तीत चिनी सुतारांच्या हातून उभी राहिलेली मशीद ही एक. आणि 2018 नंतर सरकारी हुकमाने उतरवलेले घुमट ही दुसरी. पहिलीचा फोटो दाखवून दुसरीचं समर्थन चाललेलं असतं. ही गाठ सोडवायला पुस्तकं वाचायची गरज नाही, मशिदीत दीड तास नीट फिरलं तरी पुरतं. मात्र नीट फिरायचं कसं, हे आधी ठाऊक हवं.

पोचण्यापासून सुरुवात करू. मेट्रोच्या 2 क्रमांकाच्या मार्गावर चोंगलोउ, म्हणजे घंटेचा मनोरा, हे स्थानक आहे. तिथून पश्चिमेला पाच-सात मिनिटांवर 1380 सालचा ढोल मनोरा. त्याच्या कमानीखालून उत्तरेला बाहेर पडलं की ह्वेईंची खाऊगल्ली सुरू होते, आणि शंभरातले नव्याण्णव पर्यटक इथेच चुकतात: वाफा आणि कबाबांच्या मागे सरळ चालत राहतात. मशिदीची ह्वाच्वे गल्ली कमानीनंतर लगेच डावीकडे आहे, अरुंद, दोन्ही बाजूंनी पंखे, माळा आणि नकली नाणी विकणाऱ्यांनी झाकलेली. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘छिंगचन स’ म्हणजे मशीद म्हणून भागत नाही, कारण या वस्तीत दहाएक मशिदी आहेत. हॉटेलातून ‘ह्वाच्वे गल्लीची मोठी मशीद’ असं चिनी लिपीत लिहून घ्यावं. गुगलचा नकाशा चिनी इंटरनेटवर व्हीपीएनशिवाय उघडत नाही, आणि उघडला तरी चिनी नकाशांची मोजणी मुद्दाम सरकवलेली असल्याने ठिपका शेजारच्या गल्लीत पडतो. गाओदे हे चिनी ॲप वापरलेलं बरं.

तिकीट मार्च ते नोव्हेंबर 25 युआन, हिवाळ्यात 15. मुसलमानांना प्रवेश मोफत. पासपोर्ट जवळ असू द्या. पैसे देताना आपल्या यूपीआय आणि रूपेवर इथे विसंबू नका. व्हिसा कार्ड किंवा मास्टरकार्ड अलीपे या पैसे देण्याच्या चिनी ॲपला घरूनच जोडून ठेवा, कारण बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो आणि रोमिंग बंद असेल तर तिकीट खिडकीसमोर काही करता येत नाही. शंभरेक युआन रोख असावेत.

वेळेचं गणित थोडं समजून घ्यावं लागतं. चीनभर एकच घड्याळ, 120 अंश पूर्व रेखांशावर बांधलेलं. शीआन 109 अंशांच्या आसपास. अंशाला चार मिनिटं धरली तर इथे सूर्य माथ्यावर यायला पाऊण तास उशीर, म्हणजे ऋतूप्रमाणे साडेबारा ते एक. (मुंबईचंही तसंच. तिथे प्रमाणवेळेपेक्षा मध्यान्ह जवळपास चाळीस मिनिटं मागे असते.) दुपारची नमाज त्यानंतर, म्हणून शुक्रवारी बारा ते अडीच हा वेळ पाहुण्याने मोकळा सोडावा. सगळ्यात चांगली वेळ सकाळी उघडल्या उघडल्या. गर्दी नसते, शिवाय मुख्य सभागृहाचं तोंड पूर्वेला असल्याने ऊन समोरून पडतं. दुपारनंतर तोच दर्शनी भाग सावलीत जातो आणि फोटो काळे येतात.

कपडे गुडघा आणि खांदा झाकणारे. बायकांनी अंगणात डोकं झाकण्याची सक्ती नाही. देवळाच्या सवयीने आपली माणसं पहिल्याच दारात चपला काढायला वाकतात, त्याची गरज नाही. उंबरठे उंच आहेत, त्यांवर पाय न देता ओलांडून जायचं. हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

चिनी देवळं आणि राजवाडे बहुधा दक्षिणाभिमुख असतात. ही मशीद मात्र सगळी पूर्व-पश्चिम लांब पसरलेली, साधारण 250 मीटर बाय 50, कारण इथून मक्का पश्चिमेला आहे. घडण पूर्ण चिनी, दिशा मात्र स्वतःची. प्रवेश बाजूच्या भिंतीतून असल्याने लोक सरळ सभागृहाकडे चालू लागतात आणि पूर्वेकडचं अंगण राहूनच जातं. आत शिरल्यावर आधी पूर्वेच्या टोकाला जा आणि तिथून एकेक अंगण ओलांडत पश्चिमेला या. पहिल्या अंगणात सतराव्या शतकातलं लाकडी तोरण आहे, नऊएक मीटर उंच, निळ्या कौलांचं. त्याखाली उभं राहून वर पाहा: कौलांचा भार कंसांच्या थरांनी पेललेला आहे, एकात एक खोबणीत बसवलेले लाकडी तुकडे. हे काम इथल्या सुतारांच्या हातचं. बुखाऱ्याहून किंवा बगदादहून कारागीर आणले असते तर त्यांनी वीट आणि कमान मागितली असती.

दुसऱ्या अंगणात दगडी तोरण आणि बाजूला शिलालेख. अक्षरं दोन नामवंत सुलेखनकारांची: चीनच्या सुंग राजवटीतला मी फू आणि नंतरच्या मिंग राजवटीतला तुंग छीछांग. दोघेही मुसलमान नव्हते. तुंगच्या अक्षरांतला मजकूर सांगतो की ही मशीद बादशाही फर्मानाने दिलेली आहे. पुढच्या दालनात चंद्रशिला म्हणून ओळखला जाणारा अरबी लेख आहे, चांद्र महिन्यांच्या हिशेबाचा. तिथीवरून दोन पंचांगांत वाद होताना पाहिलेल्या माणसाला तो आपलाच वाटेल.

मशिदीचं वय विचारलं तर एक शिलालेख 742 साल सांगतो, थांग राजवटीतलं. माहितीपत्रकंही तेच छापतात. अभ्यासक तो लेख बराच नंतरचा मानतात, कारण त्यात इस्लाम चीनमध्ये खायह्वांग काळात, म्हणजे 581 ते 600 च्या दरम्यान आला असं म्हटलंय, आणि पैगंबरांना पहिला संदेश मिळाला तो 610 च्या सुमारास. आजची मांडणी 1392 पासूनची, मिंग काळातली. पुढे दुरुस्त्या होत गेल्या. आपलं स्थळ शक्य तितकं जुनं दाखवण्याचा मोह कुठल्या एका धर्माची मक्तेदारी नाही, एवढंच.

तिसऱ्या अंगणातला अष्टकोनी, तीन छपरांचा शिंगशिन लोउ हाच इथला मिनार. नावाचा अर्थ मन तपासण्याचा मनोरा. पुढे फिनिक्स मंडप, मग उंच दगडी चौथरा आणि हजारेक माणसं मावतील असं सभागृह. दाराशी पाटी आहे: मुसलमानेतरांनी आत येऊ नये. चौथऱ्यापर्यंत या, दारातून पाहा, बस. आतल्या लाकडी फळ्यांवर कोरलेलं कुराण आणि छताच्या रंगवलेल्या चौकटी तिथून दिसतात. फ्लॅश नको, नमाज पढणाऱ्याचा फोटो नको, आणि ‘एकच मिनिट’ म्हणून पाय आत टाकणं तर नकोच. अंगणाच्या कडेला हातपाय धुण्याची खोली असते, तिकडेही डोकावू नये. ते काही प्रदर्शन नाही.

ही रेघ आखलेली असण्यात मोठी सोय आहे. पाहुण्याला कुणाच्या मनातलं ओळखावं लागत नाही, रखवालदाराला कुणाचा चेहरा तपासावा लागत नाही. आपल्याकडे 2023 साली त्र्यंबकेश्वरच्या पायरीवर धूप दाखवण्यावरून विशेष तपास पथक नेमावं लागलं, कारण पायरीपर्यंत काय चालतं याबद्दल गावातल्याच दोन माणसांच्या आठवणी जुळत नव्हत्या. पाटी असती तर वाद झालाच नसता असं नाही, पण तो पाटीशी झाला असता.

आता दाखल्याकडे. या मशिदीचं चिनीपण कुणी लादलं? इथले मुसलमान व्यापारी, सैनिक, कारागीर म्हणून थांग आणि मंगोल युआन राजवटींच्या काळात आले, इथेच लग्नं केली, काही पिढ्यांत चिनी बोलू लागले. मिंग कायद्यात सक्ती नव्हती असं नाही. मंगोल आणि मध्य आशियाई लोकांनी आपसात लग्न करू नये असं कलम त्यात होतं. पण मशिदीचं छप्पर कसं असावं हे त्यात नव्हतं. छप्पर ठरलं ते हाताशी असलेल्या लाकडावर, सुतारांवर आणि प्रतिष्ठेच्या कल्पनेवर. फोंड्याची 1560 ची साफा मशीद पाहा: उतरती कौलं, बाजूला तळं. कोझिकोडची मिश्काल मशीद: थरांची कौलारू छपरं, घुमटाचा पत्ता नाही. तिथे कुणी देशीकरणाचा आराखडा काढला नव्हता, पाऊस पडत होता.

उलट बाजूही पाहावी. घुमट-कमानी म्हणजे चीनमध्ये कालपरवा आलेली परकी फॅशन, असं हल्ली ऐकू येतं. फूच्येन प्रांतातल्या छुआनचोउ बंदराची मशीद 1009 सालची, 1310 च्या सुमारास नव्याने बांधलेली, ग्रॅनाइटची, टोकदार अरबी कमानीची. सभागृहाचं छत केव्हाच गेलं, भिंती उभ्या आहेत. त्याच शहरात 1281 चा तमिळ शिलालेख आणि शिवमंदिराचे अवशेष सापडले. खाययुआन या बौद्ध मठाच्या मागच्या खांबांवर तर नरसिंह आहे. तेव्हा ‘चिनी’ दिसणं म्हणजे नेमकं कसं दिसणं, हे बंदरावर विचारलं तर वेगळं उत्तर मिळतं.

मग 2018. धर्मव्यवहारांचे सुधारित नियम 1 फेब्रुवारीला लागू झाले, ‘इस्लामचं चिनीकरण’ हे पंचवार्षिक धोरण झालं. त्याच ऑगस्टमध्ये वायव्य चीनच्या निंगश्या प्रांतातल्या वेइचोउच्या भव्य मशिदीवर पाडकामाची नोटीस लागली, शेकडो लोक अंगणात बसून राहिले. पाडकाम टळलं. घुमट नंतर उतरवले आणि तिथे चिनी छपरं बसवली. दक्षिणेकडच्या युन्नान प्रांतात नाज्यायिंगमध्ये मे 2023 मध्ये याच कारणावरून पोलिस आणि गावकरी भिडले. त्याच प्रांतातल्या शात्येनच्या मशिदीचा घुमट 2024 पर्यंत गेला. म्हणजे शीआनमध्ये जे सुतारांनी केलं तेच निंगश्यात क्रेनने केलं, असं म्हणता येत नाही. छपरं दिसायला सारखी असली, तरी एक वस्तीने निवडलं आणि दुसरं वस्तीच्या छातीवर ठेवलं गेलं. आणि ज्याला आपल्याकडेही असंच हवंय, त्याने ते निदान शीआनचा फोटो न वापरता मागावं.

भोंग्यासाठीही चीनचा दाखला दिला जातो, त्याचंही तसंच. भारतात 2000 च्या ध्वनी नियमांत आकडे आहेत: रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि दहा ते सहा बंदी. भोंगा हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलं. अंमलबजावणी ढिली आहे, ती सगळ्याच धर्मांच्या बाबतीत, आणि त्याचा राग योग्यच आहे. पण त्या आकड्यांवर आपण कोर्टात जाऊ शकतो. चीनमध्ये भोंग्यावरून भांडण नाही हे खरं. भांडायला जागाच ठेवलेली नाही.

एका बाबतीत मात्र चीनचा दाखला खुशाल द्यावा. ह्वेईंमध्ये बायकांच्या स्वतंत्र मशिदी असतात, ‘न्यू स’, आणि तिथे बाईच आहोंग, म्हणजे इमाम, असते. खायफंगमधली वांगच्या गल्लीतली अशी मशीद 1820 ची. 2019 मध्ये पुण्यातलं एक दांपत्य मशिदीत स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा या दोनशे वर्षांची आठवण आपल्या चर्चेत कुणी काढली नाही.

अंगणात पांढऱ्या टोपीतले वृद्ध भेटतात. मान झुकवून ‘नी हाओ’ पुरे, ‘सलाम’ म्हटलं तर हसून उत्तर मिळतं. शिनच्यांग प्रांतातल्या उइघुर मुसलमानांबद्दल, घुमटांबद्दल, ‘तुम्हाला त्रास होतो का’ असं विचारू नका, आणि मोबाइलवर बोलणं टिपणं तर अजिबात नको. तुमचं कुतूहल भागतं, जाब त्यांना विचारला जाऊ शकतो. परदेशी माणसाने धर्मप्रचार करणं किंवा धार्मिक पत्रकं वाटणं याला इथे कायद्यानेच बंदी आहे.

बाहेर पडल्यावर भूक लागलेली असते. ‘छिंगचन’ पाटीचा अर्थ हलाल, शाकाहारी नव्हे. त्यासाठी ‘सू’ म्हणावं लागतं. ‘न्यूरोउ’ गोमांस, ‘यांगरोउ’ बकरीचं किंवा मेंढीचं. ज्याला गोमांस चालत नाही त्याने हे दोन शब्द पाठ करावेत, कारण कबाबांत दोन्ही असतात आणि दिसण्यावरून कळत नाही. शाकाहाऱ्याला चंगकाओ मिळतो, चिकट तांदूळ आणि चिनी लाल बोरांचा, वाफवलेला. बाहेरचं खाणं छिंगचन उपाहारगृहात उघडू नये, घरचे ठेपलेसुद्धा, कारण त्यांच्या भांड्यांची शुद्धता त्यांना जपायची असते. यांगरोउ फाओमो मागवलात तर आधी कोरडी भाकरी आणि रिकामा वाडगा येतो. ती हाताने सोयाबीनच्या दाण्याएवढी कुस्करायची, पंधरा-वीस मिनिटं लागतात. मग वाडगा आत जातो आणि रस्सा घालून परत येतो. घाई करून तुकडे मोठे ठेवले तर रस्सा आतपर्यंत शिरत नाही, मधला भाग कोरडा राहतो.