बाहेर का पडत नाहीत?

मुंबईतल्या माझ्या एका मैत्रिणीने गेल्या महिन्यात फोनवर मला विचारले, "इतका जाच होतो, तर ही माणसे तो पंथ सोडून बाहेर का पडत नाहीत?" मी तिला आमच्या शेजारणीविषयी सांगत होते. ही बाई जन्माने आणि श्रद्धेने मॉर्मन (अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ) आहे, तिचा मधला मुलगा समलैंगिक आहे, आणि तरीही ती दर रविवारी पदराला (तिच्याकडे पदर नाही, कोटाची कॉलर आहे) इंद्रधनुषी रंगांची लहानशी पिन लावून चर्चमध्ये जाते. अमेरिकेतल्या युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला आमची वस्ती आहे आणि इथे आमच्या गल्लीत आम्ही सोडून बहुतेक घरे मॉर्मन आहेत. या चर्चचे अधिकृत नाव 'द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे लांबलचक असून 'मॉर्मन' हा शब्द वापरू नये असे चर्चच्या अध्यक्षांनी 2018 मध्ये सांगितले होते, परंतु मराठी वाचकाला तोच शब्द ओळखीचा असल्यामुळे मी तो इथे ठेवते.

मैत्रिणीचा प्रश्न भाबडा नव्हता. ज्या समाजाने काळाराम मंदिराचा 1930 चा सत्याग्रह पाहिला, दार उघडत नाही हे लक्षात आल्यावर 1935 मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी केलेली धर्मांतराची घोषणा ऐकली आणि 1956 मध्ये नागपूरला ती प्रत्यक्षात येताना पाहिली, त्या समाजात "सुधारणा आत राहून करायची की बाहेर पडून" हा प्रश्न केवळ चर्चेचा राहिलेला नाही. प्रार्थना समाजातल्या न्यायमूर्ती रानड्यांचे धोरण जुन्याशी नाते न तोडण्याचे होते, आणि पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून 1947 मध्ये साने गुरुजींनी उपोषण केले तेही आतलेच माणूस म्हणून. आज आपल्याकडे आतून मागणाऱ्यांना भित्रे किंवा तडजोडवादी ठरवण्याची रीत आहे. देशात असताना मीही तसेच म्हणत असे.

इथे राहिल्यावर पहिली गोष्ट कळते ती अशी की मॉर्मन पंथात विवाह हा केवळ संस्कार किंवा सामाजिक करार नसून स्वर्गाची रचनाच त्यावर उभी आहे. मंदिरात (हे रविवारच्या चर्चहून वेगळे, खास विधींचे ठिकाण) पती-पत्नीला आणि त्यांच्या मुलांना अनंतकाळासाठी एकमेकांशी 'सील' केले जाते, म्हणजे मृत्यूनंतरही ते कुटुंब टिकते, आणि सर्वोच्च स्वर्गातील परमपद अशा विवाहाशिवाय लाभत नाही. 1995 मध्ये चर्चने कुटुंबाविषयीचा जो जाहीरनामा काढला, त्यात विवाह स्त्री-पुरुषाचाच आणि लिंगभेद अनादि-अनंत असल्याचे म्हटले आहे. समलैंगिक आकर्षण हे पाप नाही, तसे वागणे हे पाप आहे, ही चर्चची आजची भूमिका वरवर सौम्य वाटते. तथापि तिचा अर्थ त्या मुलाच्या बाजूने लावून पाहिला, तर त्याला आयुष्यभर एकटे राहायचे आहे आणि ज्या पंथात सारे पुण्य कुटुंबात साठवलेले आहे, त्या पंथात स्वतःचे कुटुंब उभारल्याविना मरायचे आहे, असा होतो.

बाहेर पडण्याची किंमतही याच रचनेतून ठरते. मंदिरात प्रवेश मिळण्यासाठी बिशपच्या (म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखाच्या) आणि त्याच्या वरच्या अधिकाऱ्याच्या मुलाखतीनंतर दर दोन वर्षांनी परवाना घ्यावा लागतो. परवाना नसलेल्या आईला स्वतःच्या मुलीचा मंदिरातला विवाहविधी पाहता येत नाही आणि तो संपेपर्यंत तिला बाहेर थांबावे लागते. लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकायला मिळू नयेत म्हणजे काय, हे मराठी घरात समजावून सांगावे लागत नाही.

अशा चर्चमध्ये बदल मागणाऱ्यांना हक्कांची भाषा फारशी उपयोगी पडत नाही. इथले सर्वोच्च नेतृत्व, म्हणजे अध्यक्ष, त्यांचे दोन सल्लागार आणि बारा प्रेषित, असे पंधरा पुरुष असतात आणि अध्यक्षाला जिवंत संदेष्टा मानले जाते. म्हणून कार्यकर्ते चर्चच्याच भाषेत बोलतात. ईश्वर अजून पुष्कळ काही प्रकट करणार आहे, असे मॉर्मन श्रद्धेच्या तेरा कलमांपैकी नववे कलम सांगते, आणि त्यावर बोट ठेवून कार्यकर्ते म्हणतात की आम्हाला बंड करायचे नाही, तुम्ही ईश्वराला पुन्हा विचारावे एवढीच आमची विनंती आहे. बहुपत्नीत्व 1890 मध्ये थांबले आणि कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य न देण्याचा नियम 1978 मध्ये उठला, ते दोन्ही संदेष्ट्याच्याच तोंडून झाले, याची ते आठवण करून देतात. समलैंगिक मॉर्मनांची 'अफर्मेशन' ही संघटना 1977 पासून काम करते, तर 'मामा ड्रॅगन्स' ही अशा मुलांच्या आयांची संघटना गेल्या दशकातली आहे. मला या आयांची युक्ती सर्वांत बिनतोड वाटते, कारण कुटुंब अनंतकाळ टिकते हे तुम्हीच आम्हाला शिकवले, मग आमच्या कुटुंबातून हे एक मूल वगळायला तुम्ही कसे सांगता, असा त्यांचा सवाल आहे.

या विनवण्यांना फळ आले की नाही, याचे उत्तर दोन तारखांत आहे. समलिंगी विवाह करणारा सभासद धर्मभ्रष्ट समजावा आणि अशा जोडप्याच्या घरी राहणाऱ्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत बाप्तिस्मा देऊ नये, असा नियम चर्चने नोव्हेंबर 2015 मध्ये केला. एरवी मॉर्मन मुलाचा बाप्तिस्मा आठव्या वर्षी होतो. नियम बाहेर फुटताच शेकडो सभासदांनी सॉल्ट लेक सिटीत एकत्र जमून राजीनामे दिले, आणि जे राहिले त्यांतल्या अनेकांनी आपापल्या बिशपला गाठले. एप्रिल 2019 मध्ये नियम मागे घेण्यात आला. नियम साक्षात्काराने झाल्याचे आधी सांगितले गेले होते, आणि पुढे तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी दोन्ही निर्णयांमागे ईश्वरी मार्गदर्शन असल्याचे सांगितले. मधल्या साडेतीन वर्षांत ज्या मुलांचा बाप्तिस्मा राहिला, त्यांची क्षमा मात्र कोणी मागितली नाही.

चर्चचे कायद्याबाबतचे वागणे वेगळे आहे. कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहावर बंदी आणणाऱ्या 2008 च्या 'प्रपोझिशन 8' या जनमताला टाकलेल्या प्रस्तावासाठी तिथल्या सभासदांनी वेळ आणि पैसा द्यावा, असे पत्र चर्चने सभांतून वाचून दाखवले आणि ते मतदान सुमारे 52 टक्क्यांनी जिंकले गेले. परंतु त्यातून देशभर ओढवलेली नाराजी चर्चने पचवलेली दिसते, कारण घर आणि नोकरी यांत समलैंगिकांशी भेदभाव करण्यास मनाई करणारा युटाचा 2015 चा कायदा चर्चच्या पाठिंब्याने झाला, आणि 2022 मध्ये समलिंगी विवाहांना संघराज्याच्या कायद्यात संरक्षण देणाऱ्या विधेयकालाही, धार्मिक स्वातंत्र्याची हमी पाहून, चर्चने अनुकूलता दाखवली. रस्त्यावर तुमचे हक्क मान्य आणि मंदिरात नाही, ही वाटणी मला हुशारीची वाटते, आणि ती लवकर मोडेल असे मला वाटत नाही. 1978 चा बदल दार रुंद करणारा होता, इथे मात्र घराचा नकाशाच बदलायचा आहे.

मैत्रिणीच्या प्रश्नाकडे परत येते. बाबासाहेबांच्या मागे लाखो लोक बाहेर पडू शकले, कारण जात वस्तीने राहते. आजोबा, वडील, शेजारी, सारे एकाच अन्यायाचे वाटेकरी असतात आणि बाहेर पडताना सगळे मिळून बाहेर पडतात. समलैंगिकता अशी वस्तीने येत नाही. ती एका घरात येते, शेजारच्या घरात येत नाही, आणि ज्या घरात येते तिथे आई-वडील व भावंडे पलीकडच्या बाजूला असतात. अशा मुलाचे बाहेर पडणे हे एकट्याचे बाहेर पडणे असते. म्हणूनच जी आई पिन लावून आत बसून राहते, तिला भित्री म्हणायला माझी जीभ आता वळत नाही. 2015 मध्ये राजीनामा देणाऱ्यांनी चर्चला हादरवले हे खरे, पण त्यानंतर बिशपसमोर बसायला कोणीतरी आत उरलेले असावे लागते.

याच शेजारणीने मला एकदा विचारले की तुमच्या धर्मात याबद्दल काय नियम आहे. मी काहीशा अभिमानाने सांगितले की आमच्याकडे असे पंधरा पुरुष नाहीत, नियमांची पुस्तिका नाही, कोणी बहिष्कृत करत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये कलम 377 मधून प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध वगळले आहेत. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे काम संसदेचे आहे असे म्हटले, हे मी थोडे हळू आवाजात जोडले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, म्हणजे तुमच्या ओळखीतली अशी मुले घरी सांगून, जोडीदाराबरोबर राहत असतील.

माझ्या नात्यात असा एक मुलगा आहे. तो आता चाळिशीला आला आहे. त्याच्यासाठी अजून स्थळे पाहिली जातात, तो प्रत्येक स्थळाला काही ना काही खोड काढतो, आणि घरात सर्वांना कारण ठाऊक असूनही ते कोणी उच्चारत नाही. त्याच्यावर कोणता नियम कोणत्या तारखेला लादला गेला आणि तो मागे घ्या म्हणून कोणाकडे जायचे, हे मला त्या बाईला सांगता आले नाही. तिच्याकडे निदान बिशपचा पत्ता होता.