आडवं होता येत नाही, काका

परवा रविवारी रात्री माझ्याच बाजूच्या चार पोरांनी मतदान घेऊन मला संगणकावरच्या खेळातून हाकललं. त्यांतला सगळ्यांत मोठा फार तर एकोणीस वर्षांचा असेल. माझं वय ४४. सोसायटीत सलग तीन वर्षं मी बिनविरोध खजिनदार आहे. (दुसरं कुणी उभं राहत नाही, पण बिनविरोध म्हणजे बिनविरोध.) आणि इथे चार मतं माझ्या विरुद्ध, बाजूने शून्य. माझं स्वतःचं मत धरतच नाहीत.

खेळ काउंटर-स्ट्राइक. पाचजण बॉम्ब लावणार, पाचजण तो लावू द्यायचा नाही म्हणून मरणार, एवढीच गोष्ट. मी २००२ पासून खेळतोय. तेव्हा पुण्यात तासाला वीस रुपये देऊन, पडदे लावलेल्या कॅफेत, घाम आणि वडापाव अशा संमिश्र वासात खेळायचो. आता साताऱ्यात घरी बसून खेळतो. बायको झोपायला गेली की खरं तर. परवा ती जागी होती. सगळं तिथूनच बिघडलं.

साडेआठला बेल वाजली. शेजारचे सुभेदार काका. मराठा लाइट इन्फंट्रीत २८ वर्षं काढलेला माणूस. पाठ अजून अशी, की सोफ्याला टेकली तर सोफ्याला संकोच वाटावा. हातात मोबाईल. पेन्शनसाठी दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो हल्ली मोबाईलला चेहरा दाखवून देता येतो, आणि काकांच्या मोबाईलशी काकांचं पटत नाही.

"काय रं पोरा, कामात हाईस का?"

पाच मिनिटांपूर्वीच कानातल्या हेडफोनवर एक पोरगं मला म्हणालं होतं, "अंकल, नींद आ रही है तो सो जाओ." आता मी पोरगा झालो. एका संध्याकाळी माणसाने किती वयांचं व्हायचं!

मी म्हटलं, "काका, बसा, एवढा सामना संपवतो." मधेच सोडला तर पुढे काही काळ खेळायला बंदी लागते, हे त्यांना सांगत बसलो नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या उजव्या खांद्याच्या मागे, बरोबर एक हात अंतरावर, बसले. ही जागा मला ओळखीची आहे. कॅफेत मेलेला गडी उठून नेमका तिथेच येऊन उभा राहायचा आणि सांगायचा, "डावीकडे बघ, डावीकडे."

"ह्यो कोन?" पडद्यावर बोट.

"हा मी."

"रायफल कुठाय तुझी?"

"पाठीवर. पळताना सुरा हातात घ्यायचा असतो."

"का?"

"सुरा हातात असला की जोरात पळता येतं."

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "रायफल पाठीवर टाकली तर तिचं वजन जातं कुठं?"

तेवीस वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. रायफल हातात घेतली की माणूस हळू होतो, पाठीवर टाकली की हलका. खेळातल्या त्या धुळकट गावात मी हजारो वेळा सुरा उपसून धावलोय, आणि एकदाही वाटलं नाही, की अरे, ही तर तीच रायफल आहे.

"आन् मिळाली कशी?"

"विकत घेतली."

"पगारातनं?"

मग मला सांगावं लागलं. सामन्याच्या सुरुवातीला ८०० डॉलर मिळतात. माणूस मारला की बहुतेक बंदुकांना ३००. सुऱ्याने मारला तर १५००. एके-४७ पडते २७०० ला, मोठी स्नायपर ४७५० ला. आपलाच माणूस मारला तर ३०० कापून घेतात.

"आन् हारलं तर?"

"हरलं तरी मिळतात. कमीत कमी १४००, मग सलग हरत गेलं की वाढत वाढत ३४०० पर्यंत."

"हारल्याबद्दल?"

"हो."

"वाढवून?"

"हो."

काकांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. "आमाला कुनी सांगितलं न्हाई हे."

त्यानंतर ते थांबेनात. फौजेत हत्यार कोतातनं, म्हणजे शस्त्रागारातनं काढायचं, सही करून. परत देताना साफ करून, सही करून. तुझं कोत कुठाय? ह्या पेट्या कुनाच्या? गावात चारी बाजूला पेट्या पडल्यात, चलान कुठाय? लंगर कुठाय, जेवतात कुठं? हा उड्या का मारतोय, पायात काटा गेलाय का? (तो आमच्याच बाजूचा, नावात तीन एक्स लावणारा, म्हणून तीन एक्सवाला. उड्या मारत गेलं की गोळी लागत नाही, असं त्याचं मत आहे. त्याला गोळी लागते.) मी समोरच्याला सात गोळ्या मारल्या आणि सवयीने लगेच मॅगझिन बदललं, तेव्हा काका जवळजवळ उठले.

"खोकी कोन उचलनार?"

"काय?"

"रिकामी खोकी. गोळी सुटली की खाली पडत्यात ती. मोजून द्यावी लागत्यात की."

मग बेळगावची गोष्ट आली. रेंजवर फायरिंग झालं, खोकी मोजली तर एक कमी. अख्खी प्लाटून गवतात. उन्हात, गुडघ्यावर, ओळीने. दीड तास. शेवटी एका जवानाच्या बुटाच्या घडीत सापडलं. तो त्याच बुटाने दीड तास ते शोधत होता. काका हसले नाहीत. सांगताना त्यांचा आवाज असा झाला, की मला पडद्यावर माझ्या पायापाशी बघावंसं वाटलं. मी बघितलं. तेवढ्यात मला कुणीतरी मारलं.

मेल्यावर या खेळात खरं काम सुरू होतं. माझी जुनी तक्रार आहे ही, आणि ती मी गमतीत सांगत नाहीये. मेलेला माणूस जिवंत साथीदाराच्या डोळ्यांतून बघू शकतो आणि बोलू शकतो. म्हणजे जो सगळ्यांत आधी, सगळ्यांत मूर्खासारखा मेला, त्याला मत द्यायला सगळ्यांत जास्त वेळ. "अंकल, पीछे." "अंकल, साइड में." "अंकल, देखो ना यार." अरे, तुला दिसत होतं तर तू का मेलास? पण हे विचारायची सोय नाही, कारण तुम्ही जिवंत आहात आणि जिवंत माणसाला ऐकावं लागतं. ऑफिसात तेच, सोसायटीच्या मीटिंगला तेच. तिथे निदान 'अंकल' म्हणत नाहीत.

आणि मतं तरी किती! १.६ नावाची आवृत्ती आली तेव्हा त्यात ढाल घातली, तर म्हणे खेळ संपला. २०१२ ला नवीन आवृत्ती आली, तर म्हणे खेळ संपला. २०२३ ला जुनी जाऊन दुसरी आली, सोळाऐवजी तेरा फेऱ्या जिंकल्या की सामना खतम, डाव्या हातात बंदूक धरायची सोय सुरुवातीला नाही, तर पुन्हा खेळ संपला. गेली वीस वर्षं हा खेळ संपतोय आणि संपला म्हणणारे रोज रात्री त्यातच. मीही म्हणतो. मला डाव्या हाताचं काही देणंघेणं नव्हतं, तरी मी महिनाभर त्यावर चिडलो होतो.

असो. ४–१०ने आम्ही मागे. नवीन फेरी. आम्ही बॉम्ब अडवणाऱ्यांत. चौघं पोरं "रश बी, रश बी" (म्हणजे सगळे 'बी' जागेवर तुटून पडा) करत एकाच बोगद्यातून घुसली आणि एकामागून एक, रेशनच्या रांगेत उभी राहिल्यासारखी, मेली. मी एकटा उरलो. समोर दोघे. बॉम्ब लागलेला. बॉम्ब फुटायला ४० सेकंद, निकामी करायला दहा. पक्कड असती तर पाच. पक्कड ४०० ला मिळते. मी घेतली नव्हती.

"पक्कड का न्हाई घेतलीस?"

"पैसे वाचवले."

"कशाला?"

मी पेटीमागे दबलो. कानात चार मेलेले, मागे एक जिवंत.

"आडवा हो," काका म्हणाले.

"आडवं होता येत नाही, काका."

"म्हंजे?"

"या खेळात आडवं होताच येत नाही. बसता येतं फक्त."

"आडवं न होता लढाई करता?"

हे ते जरा मोठ्याने म्हणाले. आणि मी माइक कायम चालू ठेवतो, कारण बटण दाबून बोलायला तिसरा हात लागतो. पलीकडे चौघं गप्प झाली. मग तीन एक्सवाला म्हणाला, "ये कौन बोला?"

काकांनी माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढून घेतला. मागितला नाही. काढून घेतला. आणि माइक तोंडाशी धरून, ज्या आवाजात बेळगावात परेड उभी राहत असेल त्या आवाजात म्हणाले, "कौन है उधर? चारों एक ही दरवाजे से घुसे थे?"

"...जी."

जी! तेवीस वर्षांत या खेळात मला कुणी 'जी' म्हटलेलं नाही.

"किसने बोला था घुसने को?"

"सर, इसने बोला था."

"पीछे कौन था कवर में?"

"कोई नहीं, सर."

इकडे त्यांची चौकशी चालू आणि तिकडे मी बहिरा. या खेळात अर्धी लढाई पावलांच्या आवाजावर असते. मी पेटीमागे बसून बघत राहिलो आणि मागून एकजण निवांत चालत आला. चालतच आला. सुरा काढला. सुऱ्याचे पैसे जास्त मिळतात, ते त्यालाही ठाऊक होतं.

"अंकल, क्या कर रहे हो यार," कुठलंसं पोरगं म्हणालं. काकांनी हेडफोन माझ्या कानाशी मुद्दाम धरला, मला ऐकू यावं म्हणून.

पुढच्या तीन फेऱ्या हेडफोन काकांकडेच होता. मला सांगण्यात आलं, "तू बटनं दाब." दोघं इकडं, दोघं तिकडं, माझा शिपाई मधे, म्हणजे मी. धूर आधी, मग माणूस. एकानं मागं बघायचंच, बाकीचे मेले तरी चालतील. तीन एक्सवाल्याला उडी मारायची बंदी. तो म्हणाला, "जी सर." आणि मारली नाही. आम्ही तिन्ही फेऱ्या जिंकलो. मला दुखतंय ते हेच. जिंकलो. मी या पोरांना गेला तासभर तेच सांगत होतो, शब्दशः तेच, की सगळे एका दारातून घुसू नका. मला उत्तर मिळालं होतं, "अंकल, म्यूट कर दूँ क्या?"

"दादाजी ओपी," कुणीतरी म्हणालं. काकांनी मला विचारलं, ओपी म्हंजे काय. मी म्हटलं, चांगलं असतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "काका, चहा झालाय, गरम आहे तोवर या." काका उठले. हेडफोन माझ्या मांडीवर ठेवला. मी तो कानाला लावला. अजून काकांच्या कानाचा ऊबदार होता आणि त्याला व्हिक्सचा वास येत होता.

"हाँ, बोलो," मी म्हटलं.

"दादाजी किधर हैं?"

"चाय पीने गए."

पडद्याच्या कडेला एक छोटी पट्टी आली. माझं नाव, आणि पुढे प्रश्न, की याला काढायचं का. एफ वन म्हणजे हो, एफ टू म्हणजे नको. एक हिरवी खूण. दुसरी. तिसरी. चौथी खूण यायला जरा वेळ लागला, तेव्हा मला क्षणभर वाटलं की तिथे निदान एकजण तरी माणूस आहे. तो बहुधा चार्जर शोधत होता.

चहानंतर दाखला करायला बसलो. मोबाईल म्हणाला, चेहरा चौकटीत आणा. काकांनी आणला. मोबाईल म्हणाला, डोळे मिचकवा. काकांनी समोर नजर लावली आणि ती हलवली नाही.

"काका, डोळे मिचकवायचे आहेत."

"कुनासमोर?"

"मोबाईलसमोर. तुम्ही जिवंत आहात हे कळायला."

"त्याला दिसत न्हाई का?"

तीन वेळा चेहरा जुळला नाही. दर वेळी काका आणखी ताठ, आणखी स्थिर, फोटोतल्या माणसासारखे होत गेले. चौथ्या वेळी मी त्यांच्या कानापाशी हळूच म्हटलं, "खोकी मोजली तर एक कमी आहे." त्यांनी चटकन डोळे मिचकवले. हिरवी खूण आली.

आणि त्याच वेळी मागे संगणकावर टिंग वाजलं. तीन एक्सवाल्याने मला मित्र करून घ्यायची विनंती पाठवली होती. मी घेतली, का कोण जाणे. लगेच खाली निरोप आला: "दादाजी कल कितने बजे आएँगे?"

"काय म्हनत्यात पोरं?" काकांनी चप्पल घालता घालता विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं, आणि संगणक बंद केला.