सक्युलंट आणि कोल्हापूरचा पाऊस: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘जून ते सप्टेंबर एचेव्हेरियाला पाऊस लागू देऊ नका’ (एचेव्हेरिया म्हणजे गुलाबासारख्या गुच्छात जाड पानं येणारं सक्युलंट, पानांत पाणी साठवणारं रोप) असं लिहून मी नवशिक्यांना उगाच घाबरवतो, चार सरींनी कुठलं झाड मरत नसतं, आणि तळाला खड्यांचा थर दिला की रोप लावलेल्या कपाला भोक नसलं तरी चालतं, असं तुमचं म्हणणं. शेवटी जाता जाता हेही लिहिलंय की तुमच्या कपातल्या रोपाची खालची पानं हात लावला की गळतायत. मला त्या ओळीचीच जास्त काळजी वाटली.

चार सरींनी मरत नाही, मान्य. पण आपल्याकडे चार सरींवर कधी भागतं? गगनबावड्याकडून एकदा आभाळ भरून आलं की आठ-आठ दिवस हलत नाही. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली जातो तेव्हा गच्चीवरच्या कुंडीतली मातीसुद्धा दिवसेंदिवस सुकत नाही.

एचेव्हेरिया मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली. तिथेही पाऊस साधारण याच महिन्यांत असतो, त्यामुळे तुमचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. फरक असा, की तिथे ती उतारावर, खडकाच्या कपारीत मूठभर मातीत उगवते. पाणी आलं तसं निघून जातं आणि रात्री गारवा असतो. आपली जुलैची रात्र दमट आणि कोमट.

रात्रीचं एवढं काय? ही झाडं पानांवरची छिद्रं दिवसा मिटून ठेवतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात, दिवसा उजेडात वापरतात. आपली पानफुटी याच कुळातली. तिचं पान सकाळी आंबट लागतं आणि दिवस चढेल तसा आंबटपणा जातो, हे बेंजामिन हेन यांनी भारतातच चाखून पाहिलं आणि १८१३ साली लिहून कळवलं. (तुम्ही चाखायला जाऊ नका, पानफुटीत विषारी द्रव्यंही असतात.) आता हवाच ओलीकच्च असेल तर छिद्रं उघडूनही पानातून पाणी फारसं बाहेर पडत नाही, मग मुळं तरी कशाला ओढतील? पाणी कुंडीतच राहतं, मुळांना हवा मिळत नाही, बुरशीचं फावतं. वरून रोप टवटवीत दिसत असतं, म्हणून कळतही नाही.

पाऊस चुकवायचा म्हणजे रोप घरात न्यायचं असं मी म्हटलेलं नाही. घरात ते उजेडासाठी लांबुडकं होतं, आणि एकदा लांबलेला दांडा पुन्हा आखूड होत नाही. गच्चीवरच पारदर्शक पत्र्याखाली ठेवा, वारं चहूबाजूंनी खेळू दे. खालची पानं दाबून मऊ, सुरकुतलेली लागली तरच उघडीप बघून सकाळी पाणी द्या, तेही मातीत. पानांवर फवारा मारूच नका: पानांच्या गुलाबाच्या मध्यात पाणी साचतं आणि पानांवरची पांढरी पूड पुसली की त्या पानावर परत नीट येत नाही.

तुमच्या शेजाऱ्यांचं रोप भर पावसात तगलं म्हणता. ते बहुधा ग्रॅप्टोपेटॅलम पॅराग्वायेन्से असावं: राखाडी, टोकदार पानं, दांडा लोंबणारा. नाव पॅराग्वेचं, रोप मेक्सिकोचंच, आणि भारी चिवट. नर्सरीत दोन्हींवर ‘सक्युलंट’ एवढीच चिठ्ठी असते, त्यामुळे एकाचा अनुभव दुसऱ्याला लावला जातो.

खड्यांच्या थराचं मात्र पटणार नाही. बारीक माती पुरती ओथंबल्याशिवाय पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सोडत नाही. म्हणजे थर घातल्यानं चिखल फक्त वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. खडे मातीत मिसळायचे असतात. मी एक भाग पोयटा आणि दोन भाग विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे घेतो, चाळून धूळ काढून. काळी माती उसाला द्या, इथे नको.

आता तुमचं रोप. गळणारी पानं पिवळट आणि आरपार दिसणारी असतील तर ती तहान नव्हे, सड आहे. आजच कपातून काढा. धारदार ब्लेड स्पिरिटनं पुसून दांडा खालून चकतीचकतीनं कापत वर या. कापात मधोमध तपकिरी ठिपका किंवा कडेला काळी रेघ दिसतेय तोवर थांबू नका, प्रत्येक कापाआधी ब्लेड पुसा. काप सगळा स्वच्छ हिरवट-पांढरा दिसला की वरचा पानांचा गुलाब सावलीत चार-पाच दिवस उघडा ठेवा, जखम कोरडी होऊन खपली धरेल. मग भोकाच्या कुंडीत कोरड्या मिश्रणावर नुसता टेकवा. मुळं दिसेपर्यंत पाणी नाही. वरची धडधाकट पानं बुडापासून अखंड निघाली असतील तर तीही बाजूला पसरून ठेवा, त्यांनाही रोपं फुटतात.