दक्षिण गोवा, जेवणाचा खर्च वेगळा

गोवा 19 डिसेंबर 1961 पर्यंत परदेश होता. आता कागदपत्रं लागत नाहीत, पण म्हणून परदेशाची मजा का सोडायची? दक्षिण गोवा दर्शनाच्या बसमध्ये बसा. सांगली-कोल्हापूरहून आलेल्या माणसालाही एका दिवसात गोवा जितका परका होता तितकाच परका ठेवून परत पाठवायची पक्की सोय तिथे आहे.

सीट डाव्या खिडकीची मागा. पणजीहून रायबंदरमार्गे निघालात तर मांडवी डावीकडेच असते. ती बघायची नाही; त्या वेळी गाइड माइकमध्ये ‘हॅलो, हॅलो’ करत असतो आणि पडदा पुढच्या सीटवाल्यांनी ओढून घेतलेला असतो. संध्याकाळी कोलव्याच्या किनाऱ्याहून उत्तरेकडे परतताना ऊन याच बाजूने येतं. तेव्हा पडदा मागच्या सीटवाल्यांकडे असतो. मागच्या चाकावरची सीट मिळाली तर गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसा, म्हणजे दहीहंडीतल्या बालगोविंदासारखे दिसाल.

जुने गोवे. चाळीस मिनिटं. त्यातली दहा पार्किंगपासून चालण्यात आणि दहा शौचालयाच्या रांगेत घालवा. बॉम जेझस बासिलिका समोर आली की ‘विटांचं काम अर्धवट राहिलंय वाटतं’ असं मोठ्याने म्हणा. तो चिरा, म्हणजे जांभा दगड आहे, आणि काम 1605 मध्येच पुरं झालं. 1950 च्या दशकात बाहेरचा गिलावा खरवडून काढला, तेव्हापासून चिरा उघडा पडलाय. चिरा सच्छिद्र असतो. गोव्याचा पाऊस त्यात चार महिने मुरतो, आणि भिंत दर वर्षी थोडी थोडी झिजते. गाइडला हे विचारू नका, त्याची लय बिघडते.

आत गेल्यावर पहिला प्रश्न ‘ममी कुठंय?’ हाच असावा. ती ममी नाही, मसाला भरून कुणी ठेवलेली नाही. 1552 मध्ये निवर्तलेल्या फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत, चांदीच्या पेटीत, उंचावर. पेटी खाली आणतात दर दहा वर्षांनी, गेल्या खेपेची मुदत 5 जानेवारी 2025 ला संपली. त्यामुळे मोबाइल झूम करून काचेतलं काहीतरी टिपा आणि घरच्या ग्रुपवर टाका. पेटीखालचा संगमरवरी चौथरा तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवला आणि 1698 मध्ये इथे बसवला. त्यावर संताच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले ब्राँझचे पट आहेत. त्यांच्याकडे पाठ करून उभं राहिलं की पेटी छान दिसते. मग रखवालदार येऊन सांगेल की आत माणसं उभी करून फोटो काढायला मनाई आहे. समोरच्या से कॅथेड्रलचा एक मनोरा 1776 मध्ये पडला. तोवर तुमचीही वेळ संपलेली असते.

मंगेशीला गुडघ्यावरची चड्डी घालून जा. प्रवेशाच्या फलकावर काय लिहिलंय ते पूर्ण वाचा, आणि नंतर लुंगी गुंडाळून घ्या. देऊळ बघताना ‘मंगेशकरांचं गाव’ एवढं म्हटलं की माहिती पुरी झाली. देव मूळचा कुठ्ठाळीचा. 1560 मध्ये भाविकांनी लिंग जुवारी नदी पार करून प्रियोळला आणलं, कारण फोंड्याचा हा मुलूख तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हता. तो त्यांच्याकडे गेला 1763 मध्ये. म्हणजे तासाभरापूर्वी पाहिलेल्या चर्चच्या आणि या देवळाच्या गोष्टीचा सांधा इथेच आहे. पण बसमध्ये या दोन स्थळांच्या मधे अंताक्षरी असते.

जेवणाला बस जिथे थांबते तिथेच जेवा. तिथे गाइड आणि ड्रायव्हर आतल्या खोलीत जेवतात आणि त्यांचं बिल होत नाही, यावरून चव ओळखावी. इसवणाचा, म्हणजे सुरमईचा तुकडा पारदर्शक असेल तर तो सुरीची करामत समजा.

आता मुख्य तीर्थक्षेत्र: काजूचं दुकान. इथे वेळेची घाई नाही. देवाला वीस मिनिटं, काजूला पाऊण तास. पाकिटावर डब्ल्यू 180, 240, 320 असे आकडे असतात. तुम्ही अर्थातच मोठा आकडा उचला. एका पौंडात किती गर बसतात तो हा आकडा, म्हणजे आकडा जितका मोठा तितका काजू लहान. पाकीट उलटं करून तळाशी तुकडा किती आहे ते बघू नका, दुकानदाराच्या मनाला लागतं. ‘फेणी काजूगरातून काढतात ना?’ हेही विचारून घ्या. ती काढतात बोंडूच्या, म्हणजे काजूच्या फळाच्या रसातून, पण दुकानातला मुलगा ‘हो’ म्हणेल. त्याला दिवसाला किती बसगाड्यांना नाही म्हणायचं?

दोना पावला इथे पांढरा पुतळा आहे, एक स्त्री, एक पुरुष. गाइड सांगेल, हे प्रेमी जीव, इथूनच समुद्रात उडी घेतली. डोळे पुसा. पुतळा इर्सा फॉन लाइस्टनर या शिल्पकर्तीचा आहे, नाव ‘इमेज ऑफ इंडिया’. उडीचा संबंध नाही. दोना पावला नावाच्या बाईंची थडगेशिळा जवळच काबोच्या कपेलमध्ये, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, राज्यपालांच्या निवासाच्या आवारात आहे. तिथे बस जात नाही.

संध्याकाळी पणजीची सांता मोनिका जेटी, मांडवीत तासाभराची क्रूझ. वरच्या डेकवर पुढची खुर्ची रुमाल टाकून धरा. देखणी, फुगडी, कोरेदिन्यो असे तीन नाच होतात. ते चालू असताना भेळ आणायला जा. मधल्या वेळात निवेदक आधी मुलांना, मग जोडप्यांना, मग ‘फक्त जेन्ट्स’ना स्टेजवर बोलावतो. ही तिसरी हाक आली की चपला काढून ठेवा, काजूची पिशवी शेजाऱ्याकडे द्या आणि बिनधास्त चढा. गाणं मराठीच लागेल, त्याची काळजी नको.